विल्यम्सबर्गच्या टॅव्हर्नमध्ये जेवायला जाताना

भारतातून आई-बाबा आले की व्हर्जिनिया-मेरिलंडकडच्या मराठी घरांत एक ठरलेला क्रम असतो. पहिल्या शनिवारी व्हाइट हाउस आणि लिंकन मेमोरियल, दुसऱ्या शनिवारी लुरेच्या गुहा, आणि तिसऱ्या शनिवारी प्रश्न पडतो की आता कुठे न्यायचं. मला कुणी विचारलं तर मी सांगते, विल्यम्सबर्गला न्या आणि रात्रीचं एक जेवण तिथल्या टॅव्हर्नमध्ये करा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या खाणावळी तिथे जुन्या पायांवर पुन्हा उभ्या केल्या आहेत आणि त्यांत आजही पंगती उठतात.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते काहीच न ठरवता. शनिवारची संध्याकाळ होती, कुठेही टेबल शिल्लक नव्हतं. शेवटी गावाबाहेरच्या एका रेस्टॉरंटात जागा मिळाली. भाज्यांचं सूप म्हणून आईसाठी मागवलं, ते चिकनच्या पाण्यात केलेलं आहे हे तिने दोन चमचे घेतल्यावर कळलं. आम्ही आधी विचारलंच नव्हतं. ती काही बोलली नाही. चमचा बशीत ठेवला आणि ब्रेडचा तुकडा मोडत बसली. म्हणून हा लेख जरा बारीकसारीक लिहिते आहे.

आधी टॅव्हर्न म्हणजे काय ते समजून घ्या

टॅव्हर्नला आपल्याकडे एक नेमका शब्द नाही. गुत्ता म्हटलं तर फक्त दारू डोळ्यांसमोर येते, खाणावळ म्हटलं तर फक्त जेवण. खाणावळ, मुक्कामाची जागा, पत्त्यांचा अड्डा, चावडी आणि लिलावाचं मैदान हे सगळं एका छपराखाली आणा, म्हणजे १८व्या शतकातली व्हर्जिनियाची टॅव्हर्न तयार होते. १६९९ ते १७८० विल्यम्सबर्ग ही व्हर्जिनियाची राजधानी होती. कोर्टाचे आणि विधिमंडळाचे दिवस आले की गाव माणसांनी फुगायचं. पलंग अपुरे पडत आणि अनोळखी माणसं एकाच बिछान्यावर झोपत.

टॅव्हर्न चालवायला काउंटीच्या कोर्टाचा परवाना लागे. जेवणाचे, दारूचे, बिछान्याचे आणि घोड्याच्या चाऱ्याचे दरही कोर्टच ठरवून देई, आणि ते पत्रक सगळ्यांना दिसेल असं लावावं लागे. अशा जागेला तेव्हा ‘ऑर्डिनरी’ असाही शब्द होता. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दरात, घरात जे शिजलं असेल ते जेवायचं. आपल्या जुन्या खाणावळीतल्या राइस प्लेटच्या जवळचं प्रकरण.

राजकारणही इथेच शिजलं. १७६९ मध्ये ब्रिटिश राजाचा गव्हर्नर बोटटॉर्ट याने विधिमंडळ बरखास्त केलं, तेव्हा सभासद उठून सरळ रॅले टॅव्हर्नमध्ये गेले आणि तिथे त्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्काराचा करार केला. १७७४ मध्ये तेच पुन्हा घडलं. वॉशिंग्टन, जेफरसन, पॅट्रिक हेन्री या अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांचं या टॅव्हर्नांमध्ये नित्याचं येणं-जाणं होतं.

आज दिसतं ते गाव १९२६ नंतर घडवलेलं आहे. डब्ल्यू. ए. आर. गुडविन या पाद्र्याने कल्पना मांडली आणि जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरने पैसा दिला. नव्वदच्या आसपास इमारती मूळच्या आहेत, त्या दुरुस्त केल्या. बाकीच्या जुने पाये खणून, कागदपत्रं आणि चित्रं ताडून नव्याने बांधल्या. तुम्ही जिथे जेवणार त्या टॅव्हर्न या दुसऱ्या प्रकारातल्या. आई-बाबांना हे आधीच सांगा. माझे बाबा प्रत्येक तुळईवर हात ठेवून “ही मूळची का?” असं विचारत होते, आणि उत्तर माहीत असल्यामुळे मला त्यांच्याशी नीट बोलता आलं.

कोणत्या टॅव्हर्नमध्ये जायचं

जेवणासाठी प्रामुख्याने तीन नावं लक्षात ठेवा. कोणती कोणत्या वारी उघडी हे ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे जाण्याच्या आठवड्यात कोलोनियल विल्यम्सबर्ग, म्हणजे हे जुनं गाव चालवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर पाहूनच बेत पक्का करा.

किंग्ज आर्म्स ही तिघींतली जरा भारदस्त. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर, रॅलेच्या समोर. १७७२ मध्ये जेन व्होब नावाच्या बाईने ती सुरू केली. शेंगदाण्याचं सूप आणि ‘पाय’ (pie), म्हणजे पिठाच्या पारीत मांस भरून भाजलेला पदार्थ, यांसाठी तिचं नाव आहे.

क्रिस्तियाना कॅम्पबेल्स ही कॅपिटॉलच्या, म्हणजे इथल्या जुन्या विधिमंडळाच्या इमारतीच्या मागे, वॉलर स्ट्रीटवर. क्रिस्तियाना कॅम्पबेल विधवा होती, पदरी दोन मुली होत्या, टॅव्हर्न चालवून तिने घर सांभाळलं. वॉशिंग्टन विधिमंडळासाठी गावात आला की इथे जेवायचा, त्याच्या रोजनिशीत तशा नोंदी आहेत. ही समुद्राच्या खाण्याची जागा, खेकडा, कोळंबी, कालवं. कोकण-गोव्याकडचं माणूस बरोबर असेल तर दुसरा विचार करू नका.

जोसाया चाउनिंग्ज ही मार्केट स्क्वेअरजवळची, साधी, मोकळी, जरा गलबल्याची. लहान मुलं असतील तर हीच बरी.

वृद्ध आई-वडील बरोबर असतील तर माझं मत किंग्ज आर्म्सच्या बाजूने पडतं. खोल्या छोट्या आणि शांत असतात, बोललेलं एकमेकांना ऐकू येतं. शाकाहारी माणसं जास्त असतील तर मात्र नावावर जाऊ नका, तिन्हींचे त्या आठवड्याचे मेन्यू उघडून वाचा आणि मग ठरवा.

न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे राहणाऱ्यांना इतक्या दूर येणं जमत नसेल तर मॅनहॅटनच्या पर्ल स्ट्रीटवर फ्रॉन्सेस टॅव्हर्न आहे. ४ डिसेंबर १७८३ रोजी वॉशिंग्टनने आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला तो तिथे. खाली रेस्टॉरंट, वर संग्रहालय. पण ते आकाशाला भिडलेल्या शहरातलं एक घर आहे. विल्यम्सबर्गला सगळं गावच त्या काळातलं मिळतं.

बुकिंग

रात्रीच्या जेवणासाठी टेबल आधी राखून ठेवा. संकेतस्थळावरून होतं, फोनवरूनही होतं. मी फोन करते, कारण तीन गोष्टी माणसाशी बोलूनच नीट ठरतात.

पहिली, तळमजल्यावरचं टेबल मागा. काही दालनं वरच्या मजल्यावर असतात आणि जिने जुन्या घराला साजेसे, अरुंद. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे चढवू नका. दुसरी, शाकाहारी किती, अंडं चालणारे किती, शेंगदाण्याची किंवा खेकडा-कोळंबीची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हे तेव्हाच सांगून नोंदवायला लावा. तिसरी, वेळ. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची वेळ मागा. आत शिरताना खिडकीतून उजेड असतो आणि जेवता जेवता अंधार होऊन खोली मेणबत्त्यांच्या ताब्यात जाते. हा बदल टेबलावर बसून पाहायला मिळावा म्हणून मी एकदा बुकिंग पुढे ढकललं होतं आणि ते सार्थकी लागलं.

डिसेंबरात दारांवर फळांच्या माळा आणि तोरणं लावतात, तेव्हा गर्दी फार होते. तो महिना हवा असेल तर बरंच आधी बुकिंग करा.

गावाच्या रस्त्यांवर फिरायला तिकीट लागत नाही, टॅव्हर्नमध्ये जेवायलाही लागत नाही. इमारती आतून पाहायच्या, कारागिरांची कामं बघायची तर तिकीट घ्यावं लागतं. फक्त जेवून परत यायचं म्हणत असाल तर मी आग्रहाने सांगेन की एक दिवसाचं तिकीट घ्याच. का, ते पुढे येतं.

पोचायचं कसं

वॉशिंग्टनपासून अंतर सुमारे २४० किलोमीटर, रिचमंडपासून ८०च्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर तीन तास, पण शुक्रवार-शनिवारी आय-९५वर फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास गाड्या तुंबतात, त्यामुळे चार तास धरून चला. अ‍ॅमट्रॅकचं स्टेशन जुन्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

गाडी व्हिजिटर सेंटरला लावा. तिथून गावाकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक पूल आहे आणि पायाखाली फलक बसवलेले आहेत. एकेक फलक ओलांडताना साल मागे मागे जातं. आई-बाबांना चालवत असेल तर याच वाटेने न्या, घाई न करता वाचू द्या.

जेवायच्या आधी दोन जागा बघा

तिकीट का घ्या म्हटलं, त्याचं कारण हे. टॅव्हर्नचं जेवण समजायचं असेल तर आधी तिचं स्वयंपाकघर आणि तिचा हिशेब पाहावा लागतो.

वेदरबर्न्स टॅव्हर्न ही मूळची इमारत आहे आणि तिथे आज जेवण मिळत नाही, ती संग्रहालय म्हणून ठेवली आहे. मालक हेन्री वेदरबर्न १७६० मध्ये वारला आणि त्याच्या मालमत्तेची खोलीवार यादी झाली. कोणत्या खोलीत किती पलंग, किती खुर्च्या, काय भांडी, सगळं. त्या यादीवरूनच आजच्या खोल्या मांडल्या आहेत. त्याच यादीत त्याच्या मालकीच्या गुलाम माणसांचीही नोंद आहे, पलंग-खुर्च्यांच्या बरोबरीने, किमतीसकट. आवारात उत्खनन झालं तेव्हा जमिनीत पुरून ठेवलेल्या, चेरी भरलेल्या काचेच्या बाटल्या मिळाल्या. आईला हे फार आवडलं. कुणीतरी हंगामात फळं भरून, बूच मारून, पुढच्या वेळेसाठी ठेवली आणि ती तशीच राहून गेली. “अगं, आपल्या लोणच्याच्या बरण्याच या,” ती म्हणाली.

दुसरी जागा गव्हर्नर्स पॅलेसचं स्वयंपाकघर. तिथे जुन्या कृतींप्रमाणे खरोखर शिजवून दाखवतात. मोठ्या भट्टीत लाकडं पेटलेली असतात, पण भांडं थेट ज्वाळेवर नसतं. निखारे पुढे ओढून घेतात, त्यांची छोटी रास करतात आणि तीन पायांचं भांडं तिच्यावर ठेवतात. भाजायचं असेल तर भांड्यावर झाकण आणि झाकणावरही निखारे. कोकणात तवशाचं धोंडस करताना वर-खाली निखारे घालतात, अगदी तीच रीत. कुठल्या निखाऱ्यावर काय आणि किती वेळ, याचं गणित सगळं हाताला आणि नाकाला माहीत. तिथला पदार्थ चाखायला देत नाहीत. पण हे पाहून टॅव्हर्नमध्ये बसलात की समोरच्या ताटाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहता.

कॅपिटॉलजवळचं आर. चार्लटन्स कॉफीहाउस वेळ असेल तरच. ऑक्टोबर १७६५ मध्ये स्टॅम्प कायद्याविरुद्ध, म्हणजे कागदपत्रांवरच्या ब्रिटिश कराविरुद्ध, चिडलेल्या जमावाने मुद्रांक वाटपाला आलेल्या अधिकाऱ्याला इथल्याच ओसरीपाशी गाठलं होतं.

आत गेल्यावर

दारात नाव सांगा, वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. आत गेल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मेणबत्तीच्या उजेडात मेन्यू वाचणं साठीपुढच्या डोळ्यांना कठीण जातं, तेव्हा आई-बाबांचे वाचायचे चष्मे विसरू नका. फोनचा टॉर्च लावून मेन्यू वाचावा लागला की सगळ्या खोलीचा उजेड बिघडतो. मी मेन्यू घरीच संकेतस्थळावर वाचून ठेवते आणि टेबलावर तोंडी सांगते.

वाढपी त्या काळच्या वेशात असतात, पण ते वाढपी आहेत, नट नाहीत. त्यांना नेहमीसारखं विचारा, नेहमीसारखं बोला. रस्त्यावर जी मंडळी वॉशिंग्टन किंवा जेफरसन होऊन वावरतात ती त्या भूमिकेतून बाहेर येत नाहीत. हा फरक मुलांना आधी समजावून ठेवा.

हातरुमाल भला मोठा असतो. तो मांडीवर पसरायचा नाही, गळ्याशी बांधायचा किंवा खोचायचा, १८व्या शतकाच्या पद्धतीने. पहिल्यांदा संकोच वाटतो. बाबांनी तो बांधला आणि ताठ बसले, आणि मग आम्ही सगळ्यांनीच बांधला. पेले कथलाचे दिसले तर हातात घेऊन वजन बघा. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे ते याच कथलाने.

गाणारे-वाजवणारे खोल्याखोल्यांतून फिरतात. तुमच्या टेबलापाशी थांबले तर जेवण थांबवून ऐकायची गरज नाही, पण मान वर करून ऐकलंत तर त्यांना बरं वाटतं. कुठलं गाणं, कधीचं, असं विचारलं तर आनंदाने सांगतात.

काय मागवायचं आणि काय विचारून घ्यायचं

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मराठी पाहुण्यांचं जेवण इथेच फसतं किंवा जमतं.

शेंगदाण्याचं सूप. चमचा तोंडात गेला की मराठी माणूस थबकतो, कारण ही आपल्या ओळखीची चव आहे. उपासाच्या दाण्याच्या आमटीतून जिरं, मिरची आणि आमसूल काढून घ्या, त्यात लोणी आणि साय घाला, की इथवर पोचता. घट्ट, गुळगुळीत, गोडसर. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तिथून तो जहाजांनी आफ्रिकेत गेला आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांबरोबर व्हर्जिनियात आला, त्यांच्या परसात रुजला. व्हर्जिनियात त्याची विक्रीसाठी शेती होऊ लागली ती १८४०च्या दशकात. म्हणून हे सूप वॉशिंग्टनच्या ताटात असंच होतं असं धरून चालू नका, पण त्याच्या मुळाशी कुणाचे हात आहेत ते लक्षात ठेवा.

आता महत्त्वाचं. या सूपच्या पारंपरिक कृतीत चिकनचा स्टॉक असतो. नावात फक्त शेंगदाणा आहे म्हणून शाकाहारी समजू नका. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढंच विचारलं तर पुष्कळदा ‘हो, यात मांसाचे तुकडे नाहीत’ अशा अर्थाचं उत्तर मिळतं. शब्द नेमके वापरा. चिकन स्टॉक आहे का? बेकन, हॅम आहे का? लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का? हे तीन प्रश्न प्रत्येक पदार्थासाठी विचारा आणि खात्री नसेल तर आत जाऊन विचारून या म्हणा. ते जातात, रागावत नाहीत.

हे प्रश्न उगाच नाहीत. दक्षिणेकडच्या स्वयंपाकात हिरव्या भाज्या आणि शेंगा डुकराच्या हाडाबरोबर शिजवायची जुनी पद्धत आहे. ‘पाय’च्या पारीत लार्ड असू शकतं. वेल्श रॅबिट नावात सशाचा भास असला तरी ते चीज वितळवून पावावर ओतलेलं असतं, पण त्यात बिअर असते आणि वूस्टरशायर सॉस असेल तर त्यात मासे असतात. सिलबब हे सायीचं गोड, त्यात वाइन फेटलेली. ट्रायफलमध्येही शेरी असू शकते, मुलांना देण्याआधी विचारा.

अंडं चालत असेल तर स्पून ब्रेड जरूर घ्या. नाव ब्रेड असलं तरी तो चमच्याने खायचा, मक्याच्या पिठाचा, दूध आणि अंडी घालून भाजलेला, आपल्या मऊ सांज्याच्या जातीचा. रताळ्याचे मफिनही तसेच, बाहेरून किंचित कडक आणि आत मऊ. गरम असतानाच फोडा. सॅली लन हा गोडसर, हलका ब्रेड मिळाला तर लोण्याबरोबर खा. या तीन गोष्टी आणि एक कोशिंबीर मिळून माझ्या आईचं पोट भरलं आणि मनही. अंडं न खाणाऱ्यांसाठी पर्याय कमी पडतात, म्हणूनच फोनवर आधी सांगायचं.

मांसाहारी मंडळींना दोन सूचना. व्हर्जिनिया हॅम मीठ चोळून, धुरावून, महिनोन्‌महिने मुरवलेलं असतं आणि फार खारट असतं. म्हणून पातळ कापतात. सुक्या बांगड्यासारखं तोंडी लावायचं, पोटभर खायचं नाही. ब्रन्सविक स्ट्यू हे मांस, मका, शेंगा आणि टोमॅटोचं दाट कालवण. चव सौम्य असते. तिखट लागतंच अशांनी पर्समध्ये मिरपूड न नेता टेबलावरची मागून घ्यावी, देतात.

खेकड्याचे केक म्हणजे खेकड्याच्या मांसाच्या टिक्क्या. चेसापीक उपसागर जवळ आहे, त्यामुळे ही गोष्ट इथल्या मातीतली, खरं म्हणजे इथल्या पाण्यातली. माझ्या मालवणकडच्या मावशीने एक खाल्ला, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “कुर्ली ताजी आहे. लसूण असती तर बरं झालं असतं.” तिच्या तोंडून हे मोठं प्रमाणपत्र समजावं.

पंच मागवताना

प्यायचं असेल तर पंच मागवा. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, या पाच जिनसांवरून ‘पंच’ हा शब्द आला अशी व्युत्पत्ती बहुतेक कोशांत दिलेली असते. म्हणजे आपला पाचाचाच शब्द. ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी तो १७व्या शतकात हिंदुस्थानातून इंग्लंडला नेला आणि तिथून तो अटलांटिक ओलांडून इथवर आला. व्हर्जिनियाच्या कोर्टांनी लावलेल्या दरपत्रकांत अरकाच्या पंचाचा दर वेगळा लिहिलेला सापडतो, आणि त्या काळी इंग्रजांत पंचासाठी नावाजलेला अरक होता गोव्याचा, माडाच्या ताडीचा. हे मी बाबांना टेबलावर सांगितलं तेव्हा त्यांनी पेला खाली ठेवून पुन्हा उचलला.

वय २१ पूर्ण असल्याचं ओळखपत्र लागतं. केस पिकलेल्या माणसाकडेही मागू शकतात, तेव्हा आई-बाबांचे पासपोर्ट जवळ ठेवा. दारू नको असेल तर बिनदारूचं सायडर किंवा जिंजर एल मागवा. श्रब हे फळांचा रस, साखर आणि शिरका यांचं आंबटगोड पेय. ते बिनदारूचं मिळत असेल तर जरूर घ्या, कोकम सरबताची आठवण येते.

एक प्रश्न जरूर विचारा

जेवण अर्ध्यावर आलं की वाढप्याला विचारा, त्या काळी इथे स्वयंपाक कोण करायचं?

अमेरिकन क्रांतीच्या आधीच्या वर्षांत विल्यम्सबर्गच्या लोकसंख्येत अर्ध्याहून अधिक माणसं काळी होती आणि त्यांतली बहुतेक गुलाम. टॅव्हर्नच्या पाट्यांवर मालकिणींची नावं आहेत. पाणी भरणारे, पहाटे चूल पेटवणारे, वाढणारे, पाहुण्यांचे घोडे बांधणारे मात्र गुलाम होते. रॅलेच्या दारात जमिनींचे आणि मालाचे लिलाव व्हायचे, तसे माणसांचेही व्हायचे.

किंग्ज आर्म्समध्ये बसला असाल तर गोवन पॅम्फ्लेट हे नाव घ्या. जेन व्होबच्या मालकीचा हा माणूस तिच्या टॅव्हर्नमध्ये काम करायचा आणि त्याच वेळी बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या काळ्या मंडळींचा उपदेशक होता. तेव्हा अशा सभा भरवणं जिवावर बेतू शकत होतं. १७९३ मध्ये त्याला स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच वर्षी त्याच्या सुमारे ५०० जणांच्या मंडळीला बाप्टिस्टांच्या प्रादेशिक संघटनेने सामील करून घेतलं. ते फर्स्ट बाप्टिस्ट चर्च आजही आहे. नासाऊ स्ट्रीटवरची त्यांची जुनी जागा पुढे डांबर टाकून वाहनतळ झाली होती. २०२० मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं, इमारतीचे पाये सापडले, थडगीही सापडली. टॅव्हर्नपासून ती जागा चालत जाण्यासारखी आहे. दिवसा उजेडी जाऊन या.

मी हा प्रश्न विचारला तेव्हा आमच्या वाढपिणीने हातातला जग बाजूला ठेवला आणि पाच-सात मिनिटं उभी राहून सांगत राहिली. मी आईला मराठीत सांगत गेले. आईने शेवटचा मफिन अर्धा करून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली, “नावं लिहून घे.”

बिल आणि टिप

इथलं जेवण साध्या रेस्टॉरंटपेक्षा महाग पडतं. बिलावर कर वेगळा लागतो आणि टिप वेगळी, कर लागण्याआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के. १५० डॉलरचं जेवण झालं तर २७ ते ३० डॉलर टिपचे धरा. मोठा गट असेल तर टिप कधी कधी बिलातच जोडलेली असते, ती ओळ वाचून घ्या, नाहीतर दोनदा दिली जाते. आई-बाबांना आकडे दिसू देऊ नका. लगेच रुपयांत गुणाकार होतो आणि पुढच्या वेळी ते यायला तयार होत नाहीत.

अमेरिकेतली जेवणं लवकर आटोपतात. रात्री उशिरापर्यंत बसायचं असेल तर चाउनिंग्जमध्ये कधी संध्याकाळी खेळ-गाण्याचा कार्यक्रम असतो, त्याची चौकशी करा.

परत निघताना

जुन्या गावात रात्री खरोखर अंधार असतो. कुठे कुठे कंदील, बाकी काही नाही. इथे मात्र फोनचा टॉर्च लावायला हरकत नाही. दिवसभर घोडागाड्या फिरलेल्या असतात, त्यामुळे पायाखाली लीद असते. पायवाटांवर कालवांच्या शिंपल्यांचा चुरा पसरलेला असतो, पातळ चपलांतून टोचतो, म्हणून आईला बूट घालायला लावा. थंडीत शालही हवी, जेवणाच्या खोलीतली ऊब दाराबाहेर लगेच संपते. गाडीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागेल, ती धरून निघा, आणि स्वच्छतागृहाला टॅव्हर्नमधूनच जाऊन या, कारण वाटेत मिळेलच असं नाही.